एकोणीस किलोंचा आवाज

इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा असा आवाज फारसा नसतो. साध्या गिटारला पोकळ पेटी असते, ती तारेचा आवाज मोठा करते. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे बहुतेक वेळा एक भरीव फळी, सहा तारा आणि त्या तारांखाली चुंबकावर गुंडाळलेली केसाएवढी बारीक तांब्याची तार. वरची तार हलली की खाली क्षीणशी वीज तयार होते, आणि त्या विजेचा आवाज होतो तो अ‍ॅम्पमध्ये. म्हणजे इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा माणूस खरं तर दोन वाद्यं वाजवत असतो. एक गळ्यात अडकवलेलं, दुसरं पाठीमागे जमिनीवर ठेवलेलं. या दुसऱ्या वाद्याचं काय करायचं, हा प्रश्न मला गेलं वर्षभर पडलेला आहे.

माझा अ‍ॅम्प फेंडर कंपनीचा डिलक्स रिव्हर्ब. २००९ साली मुंबईतल्या एका गिटारवादकाकडून वापरलेला विकत घेतला. २२ वॉट, १२ इंची स्पीकर, ९ व्हॉल्व्ह, वजन १९ किलो. पुण्यात आमचा चौघांचा बँड आहे. ब्लूज आणि साठ-सत्तरच्या दशकांतलं रॉक वाजवतो. त्यावर कुणाचंही घर चालत नाही. वर्षाला दहा-बारा कार्यक्रम होतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या मणक्याने असहकार पुकारला आणि डॉक्टरीणबाईंनी पाच किलोंच्या वरचं काही उचलायचं नाही असं बजावलं. पर्याय उघड आहे. डिजिटल मॉडेलर नावाची, जाडजूड पुस्तकाएवढी पेटी मिळते. तिच्यात शेकडो अ‍ॅम्पचे आवाज गणिताच्या रूपात भरलेले असतात. वजन दोन किलोंच्या आतबाहेर. सभागृहाच्या ध्वनियंत्रणेत तिची वायर जोडली की झालं.

यात विचार करण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारेल. पाठ दुखते, हलकी वस्तू मिळते, घेऊन टाका. पण गिटारवाल्यांच्या बैठकीत हा विषय निघाला की जे शब्द ऐकू येतात ते बघा : खरा, नकली, प्रामाणिक, फसवा, निष्ठा, तडजोड. फ्रीज किंवा स्कूटर बदलताना ही भाषा कुणी वापरत नाही. हे नीतीचे शब्द आहेत. ते उगाच आलेत, की खरंच इथे एखादा नैतिक प्रश्न लपलेला आहे, हे मला बघायचं आहे. मला वाटतं प्रश्न आहे. फक्त तो जिथे आहे असं सगळे समजतात तिथे तो नाही.

आधी अ‍ॅम्प करतो काय, ते सांगायला हवं. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायचा तसा, आतून तांबूस पेटलेला काचेचा दिवा. लहान विजेची मोठी वीज करणं हे त्याचं काम. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ चा. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत रेडिओ, टीव्ही, संगणक या सगळ्यांनी व्हॉल्व्ह सोडला. गिटारवाल्यांनी सोडला नाही. कारण व्हॉल्व्हला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त काम दिलं की तो एकदम हात वर करत नाही, हळूहळू शरण जातो. आवाजाच्या लाटेचे शेंडे गोलसर दबतात, मूळ स्वरात नसलेले वरचे स्वर त्यात मिसळतात, आणि आवाजाला एक खरखरीत, गळा दाटून आल्यासारखा पोत येतो. हळू छेडलं तर स्वच्छ, जोरात छेडलं तर घोगरा. बोटाच्या दाबाला अ‍ॅम्प उत्तर देतो. शिवाय स्पीकरमधून निघालेली हवा गिटारच्या तारेवर येऊन आपटते आणि तार पुन्हा थरथरते. नीट जागा पकडून उभं राहिलं तर एकच स्वर हवा तितका वेळ धरून ठेवता येतो. अ‍ॅम्पशी ज्यांचं मन जडतं त्यांचं जडतं ते इथे.

मॉडेलर दोन प्रकारे काम करतो. एका प्रकारात अ‍ॅम्पच्या मंडलातल्या प्रत्येक भागाचं वागणं गणिताने मांडतात. दुसऱ्या प्रकारात आतलं मंडल बघतच नाहीत. अ‍ॅम्पमध्ये ठरावीक चाचणी-आवाज पाठवतात, बाहेर काय आलं ते ध्वनिमुद्रित करतात आणि आत गेलेलं व बाहेर आलेलं यांच्यातलं नातं संगणक शिकून घेतो. याला कॅप्चर किंवा प्रोफाइल म्हणतात. १९९८ साली लाइन सिक्स कंपनीचा लाल रंगाचा, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा पॉड आला तेव्हा हा प्रकार खेळण्यासारखा वाटत असे. २०११ मध्ये केम्परचा प्रोफाइलर आला आणि हसणं थांबलं. आज हे तंत्र कुठवर आलं आहे ते मी आमच्या तालमीच्या खोलीत बघितलं. ड्रमरने माझ्याकडे पाठ करायला लावून दहा वेळा आवाज ऐकवला, कधी अ‍ॅम्पचा, कधी मॉडेलरचा. मी सहा वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तर पाच आले असते.

मॉडेलरमधून आवाज उशिरा येतो, ही एक तक्रार अजून ऐकू येते. येतो, दोन-चार मिलिसेकंद. पण हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे हा उशीर अ‍ॅम्पपासून चार पावलं लांब उभं राहण्यापेक्षा कमीच. तेव्हा कानावर हा वाद सोडवता येणार नाही. ज्यांना कानाने फरक कळतो त्यांचा प्रश्न सोपा आहे. मी माझ्यासारख्यांबद्दल बोलतो आहे, ज्यांना कळत नाही तरीही काहीतरी डाचत राहतं.

डाचतं ते हे की दुसरी वस्तू नक्कल आहे. पण नक्कल कशाची? इथे इतिहासात जरा मागे गेलं की पायाखालची जमीन हलते. ज्या घोगरेपणाची आपण पूजा करतो तो मुळात बिघाड आहे. अ‍ॅम्प बनवणाऱ्यांना स्वच्छ आवाज हवा होता. १९५१ साली मेम्फिसमध्ये ‘रॉकेट ८८’ हे गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा गिटारवाल्याच्या अ‍ॅम्पला वाटेत इजा झाली होती आणि स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्स यांनी फाटलेल्या स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ मारून नेली, असं सांगतात. १९६४ साली किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने फाडला आणि ‘यू रिअली गॉट मी’ वाजवलं. एडी व्हॅन हेलन व्हेरिअ‍ॅक लावून अ‍ॅम्पला मुद्दाम कमी व्होल्टेज देत असे. आपल्याकडे भर उन्हाळ्यात ही सोय आपोआप होते, ही गोष्ट वेगळी.

नकलेचं म्हणाल तर, रॉकचा खरा आवाज म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात तो मार्शल अ‍ॅम्प हीच एक नक्कल होती. लंडनजवळच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. अमेरिकेतून येणारे फेंडर अ‍ॅम्प महाग पडत. १९६२ च्या सुमारास त्यांच्या माणसांनी फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पचं मंडल जवळजवळ जसंच्या तसं उचललं, इंग्लंडमध्ये मिळणारे भाग घातले आणि विकायला ठेवलं. आणि माझा स्वतःचा, ‘खरा’ अ‍ॅम्प? तो १९६५ च्या मॉडेलची कंपनीने नंतर काढलेली पुनरावृत्ती आहे. जुन्या अ‍ॅम्पमध्ये एकेक तार हाताने डाग देऊन जोडलेली असे. माझ्यातली मंडलं छापील आहेत. जुने अ‍ॅम्प बाळगणारे लोक माझ्या अ‍ॅम्पकडे ज्या नजरेने बघतात त्याच नजरेने मी मॉडेलरकडे बघत असतो. गंमत म्हणजे २०१९ मध्ये फेंडरनेच याच अ‍ॅम्पची टोन मास्टर नावाची आवृत्ती काढली. दिसायला तीच, तेच कापड, तीच बटणं, आत एकही व्हॉल्व्ह नाही, वजन सुमारे साडेदहा किलो. नकलेची नक्कल, आणि तीही मूळ मालकाने केलेली.

तेव्हा अस्सल आणि नकली यांच्यातली रेघ व्हॉल्व्ह आणि चिप यांच्यामधून जात नाही. तरीही मार्शलची नक्कल आणि मॉडेलरची नक्कल यांत एक फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. मार्शलच्या माणसांनी कारणाची नक्कल केली. मंडल उचललं, पण व्हॉल्व्ह वेगळे, स्पीकर वेगळे. त्यामुळे कुणी न ठरवलेला, फेंडरपेक्षा निराळा आवाज जन्माला आला. मॉडेलर परिणामाची नक्कल करतो. त्याचं यश म्हणजे आधीच अस्तित्वात असलेल्या आवाजाशी तंतोतंत जुळणं. कारणाची नक्कल करताना चुकायला जागा राहते, आणि त्या जागेतून नवं काही येऊ शकतं. परिणामाची नक्कल जितकी उत्तम, तितकी ती जागा कमी.

मला हा युक्तिवाद बराच काळ पुरेसा वाटे. पण तो डिजिटल यंत्राविरुद्धचा युक्तिवाद नाही. रोलंड कंपनीचं टीबी-३०३ हे छोटं यंत्र ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आलं ते बास गिटारची नक्कल करण्यासाठी. नक्कल इतकी वाईट होती की ते खपलं नाही. स्वस्तात विकल्या गेलेल्या या यंत्रांपैकी काही शिकागोतल्या पोरांच्या हाती लागली, त्यांनी बटणं वाटेल तशी पिळली आणि त्यातून अ‍ॅसिड हाउस नावाचं संगीत निघालं. ऑटोट्यून गायकांचे बेसूर स्वर गुपचूप सरळ करायला आलं. १९९८ मध्ये शेरच्या ‘बिलीव्ह’मध्ये ते उघडपणे, आवाजाचा रंग म्हणून वापरलं गेलं. म्हणजे नवं काही निघतं ते फसलेल्या नकलेतून, यंत्राचा गैरवापर करणाऱ्या माणसाकडून. मॉडेलर हाती आल्यावर मी त्याचा गैरवापर करणार की साठच्या दशकातल्या कुणा दुसऱ्याच्या आवाजाशी जुळवत बसणार, हा माझा प्रश्न आहे, यंत्राचा नाही. आणि तसं बघितलं तर एकोणीस किलोंचा अ‍ॅम्प घेऊन गेली कित्येक वर्षं मीही दुसऱ्याच्या आवाजाशीच जुळवत आलो आहे.

आपल्याकडे असा एक पालट याआधी होऊन गेला आहे, आणि त्याच्याकडे बघून मला बरंच उमगलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूमध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनला. आज गाण्याच्या कुठल्याही क्लासात जा, कोपऱ्यात ती पेटी असते, नाहीतर मोबाइलवरचं अ‍ॅप चालू असतं. त्याला फसवणूक कुणी म्हणत नाही. मिरजेच्या तंबोऱ्यांना आणि सतारींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा, त्यावरची कारागिरी आणि घोडीवर दोरा सरकवून जवारी लावण्याची कला, हे सगळं तिथे अजून टिकून आहे. पण रोजच्या रियाजाला बहुतेकांना पेटीच पुरते. पहाटे पाचला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटीने रियाज करणाऱ्या मुलीला तिने केवढा आधार दिला असेल.

मग गेलं काय? आवाजातला फरक सांगता येईल, पण मोठी गोष्ट ती नव्हे. तंबोरा वाजवायला माणूस लागायचा. तो माणूस म्हणजे बहुधा शिष्य. गुरूच्या पाठीमागे बसून तासन्‌तास चार तारा छेडत राहायचं, हे कष्टाचं आणि कंटाळवाणं काम होतं. पण ती शिष्याची जागा होती. तिथे बसून गाणं अंगात मुरायचं. पेटीने तंबोऱ्याचा आवाज वाचवला आणि ती जागा रिकामी केली. मैफलीत अजून दोन शिष्य मागे बसतात, पण घरी, रोजच्या तालमीत, ती जागा उरलेली नाही. यंत्र एखाद्या वस्तूची नक्कल करतं तेव्हा तिच्या आवाजाची करतं. त्या वस्तूभोवती जी माणसं गोळा झालेली असतात त्यांची करत नाही. माझ्या मते अ‍ॅम्पचा खरा प्रश्नही इथे आहे.

माझ्या अ‍ॅम्पभोवती कोणती माणसं आहेत ते मी मोजायला लागलो. पहिली, तो उचलणारी.

अल्बर्ट बोर्गमन नावाचे तत्त्वज्ञ होते, अमेरिकेत मोंटाना विद्यापीठात शिकवायचे. १९८४ च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी शेकोटी आणि घर तापवणारं यंत्र यांची तुलना केली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : शेकोटी नुसती ऊब देत नाही. कुणी लाकडं आणतं, कुणी फोडतं, कुणी जाळ राखतं, घर तिच्याभोवती जमतं. यंत्र फक्त ऊब देतं आणि बाकीचं सगळं नजरेआड करतं. अशा मधोमध असलेल्या, कष्ट मागणाऱ्या वस्तू आपण जपल्या पाहिजेत. वाचताना मी मान डोलावत होतो. माझा अ‍ॅम्प म्हणजे हीच शेकोटी, असंच मनात आलं.

मग मला हायवेवरच्या पाट्या आठवल्या. ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची भाकरी’. आपण तिथे गाडी थांबवतो, चव खरी आहे म्हणतो. चुलीसमोर धुरात डोळे चोळत बसलेल्या बाईला कुणी विचारत नाही की बाई, तुम्हाला गॅस चालेल का. कष्ट मागणारी वस्तू सुंदर असते, पण कष्ट कुणाचे आणि सौंदर्य कुणाला, हे विचारल्याशिवाय ते वाक्य पुरं होत नाही. गिटारच्या इतिहासात हा प्रश्न एकदा उघडपणे उभा राहिला होता. १९६५ मध्ये द हू बँडच्या पीट टाउनशेंडने मार्शलकडे आठ स्पीकरांचं एकच भलं मोठं खोकं मागितलं. बनवून दिलं. ते वाहणाऱ्या माणसांनी कुरकुर केली. तेव्हा खोकं कापून चार-चार स्पीकरांची दोन केली, एकावर एक ठेवायची. रंगमंचावरची ती प्रसिद्ध काळी भिंत, रॉकच्या ताकदीचं ते चित्र, त्याचा आकार हमालांच्या पाठीने ठरवलेला आहे.

माझा अ‍ॅम्प हल्ली मी उचलत नाही. आमचा बासवाला उचलतो, तोही पन्नाशीचा आहे. नाहीतर साउंडवाल्याकडचा विशीतला पोरगा. एका कार्यक्रमाला लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चढवताना त्याने विचारलं, “सर, याच्यात असं काय आहे?” मी व्हॉल्व्हबद्दल सांगितलं. तो म्हणाला, “पण शेवटी माइक तर लावतोच ना आपण याला.” मुद्दा चोख होता. श्रोत्यांना ऐकू येतो तो अ‍ॅम्पसमोरच्या माइकने टिपलेला आणि सभागृहाच्या स्पीकरांतून आलेला आवाज. अ‍ॅम्प खोलीत समोर वाजतानाचा जो आवाज, ज्याच्यासाठी हा सगळा अट्टाहास, तो ऐकतो फक्त मी, दोन मीटरवरून. तारेवर हवा आदळण्याचं ते सुख माझं एकट्याचं, आणि ते तीन मजले चढवणारी पाठ दुसऱ्याची.

दुसरी माणसं म्हणजे शेजारी. व्हॉल्व्हला शरण आणायचं तर आवाज मोठाच करावा लागतो. आपल्याकडच्या नियमांत निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. २२ वॉटचा अ‍ॅम्प ती कधीच ओलांडून जातो. तालमीच्या खोलीच्या भिंतीपलीकडे एक आजी राहतात. त्यांनी कधी तक्रार केली नाही. त्यांच्या सोशिकपणावर माझा प्रामाणिक आवाज उभा आहे, हे मला माहीत आहे.

इथवर हिशोब सरळ मॉडेलरच्या बाजूने जातो. पण तिसरा माणूस उरतो.

बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या जवळ, एक काका आहेत. पंचाहत्तरीच्या पुढचे. व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात तारुण्य गेलं, मग टीव्ही, मग पुढे काय काय. मला ते माहीत झाले २०१४ मध्ये. एका कार्यक्रमात जनरेटरची वीज अचानक चढली, पॉवर व्हॉल्व्ह शॉर्ट झाला आणि त्याच्याबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला. नवा परदेशातून मागवायचा तर दोन महिने. काकांनी जळका ट्रान्सफॉर्मर उलगडला, वेढे मोजले, नवी तार आणून हाताने गुंडाळला. आठ दिवस घेतले. तेव्हापासून माझ्या अ‍ॅम्पचा आवाज बदलला आहे. खालचे स्वर किंचित सैल, वरचे थोडे मऊ. बासवाला म्हणतो आधीपेक्षा चांगला. मला एवढंच कळतं की तो आता फेंडरचा राहिलेला नाही.

गेल्या वर्षी आमच्या ओळखीतला एक बावीस वर्षांचा मुलगा आला. तो कॅप्चर बनवतो आणि इंटरनेटवर फुकट ठेवतो. त्याने माझा अ‍ॅम्प ऐकलेला होता. “दादा, तुमचा अ‍ॅम्प कॅप्चर करू का? असा डिलक्स मी कुठेच ऐकला नाही.” हे ऐकून आधी छाती फुगली, आणि मग प्रश्न पडला : परवानगी द्यायला हा आवाज माझा आहे का? मंडल लिओ फेंडरच्या कंपनीतल्या माणसांचं. व्हॉल्व्ह कुठल्यातरी दूरच्या कारखान्यातले. जगात ते बनवणारे मोठे कारखाने आता रशिया, स्लोव्हाकिया, चीन अशा ठिकाणी मोजकेच उरलेत, आणि २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर रशियाने निर्यात थांबवली तेव्हा जगभरचे गिटारवाले काही आठवडे हवालदिल झाले होते. आणि ज्या गोष्टीमुळे त्या मुलाला हा आवाज वेगळा वाटला, ते वेढे काकांचे.

मी काकांना विचारायला गेलो. कॅप्चर म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“म्हणजे तो आवाज त्या डब्यात जाणार. आणि तुम्ही तो डबा वाजवणार.”

“हो. अ‍ॅम्प आता उचलवत नाही, काका.”

“मग नका उचलू. माझ्याही हाताला कंप आलाय, मी काय हट्टाने डाग देत बसू?” मग थोडं थांबून, “अहो, पण तो डबा बिघडला की कुणाकडे नेणार?”

“तो सहसा बिघडत नाही. बिघडला तर कंपनीकडे पाठवायचा. नाहीतर नवा घ्यायचा.”

“बरं आहे. म्हणजे माझ्यानंतरची सोय झाली तुमची.”

काका हसत होते. त्या वाक्यात तक्रार होती की नाही हे मला सांगता येणार नाही. पण त्यांनी मुद्द्यावर नेमकं बोट ठेवलं. मॉडेलर मला सगळ्यांपासून एकदम मोकळं करतो. बासवाल्याची पाठ, तो पोरगा, भिंतीपलीकडच्या आजी, काका. यातली काही बंधनं अशी होती की ती दुसऱ्यांना जाचत होती आणि मी त्यांना कला म्हणत होतो. काही अशी होती की त्यांच्यामुळे मी माझ्या शहराच्या एका गल्लीशी बांधला गेलो होतो. यंत्र या दोहोंत फरक करत नाही. तो करणं माझ्याकडे येतं. पूर्वी अ‍ॅम्प बिघडायचा म्हणून मी काकांकडे जायचो. आता जायचं कारण मलाच ठरवावं लागेल, आणि मनाने ठरवलेलं बंधन मनानेच सोडताही येतं. गरजेने बांधलेलं नातं आणि इच्छेने राखलेलं नातं यांत दुसरं वरचढ, असं आपण सहज म्हणतो. रोजच्या जगण्यात टिकतं ते बहुधा पहिलं.

हे सगळं तोलून मी ठरवलं ते असं. रंगमंचासाठी मॉडेलर घेतला. यात मला आता शंका नाही. जे सुख फक्त मला मिळतं त्याचं ओझं दुसऱ्याने तीन मजले चढवावं, याचं समर्थन मला सापडलं नाही. अ‍ॅम्प विकला नाही. तो तालमीच्या खोलीत असतो. खोली भाड्याने घेणाऱ्या इतर पोरांनाही तो वाजवायला मोकळा आहे, अट एकच की संध्याकाळी सातनंतर नाही, आणि बिघडला तर न्यायचा कुठे तो पत्ता मागच्या फळीवर चिकटवला आहे. हातपाय हलते आहेत तोवर काकांकडे काम जावं आणि एखाद्या पोराने वेढे कसे मोजतात ते उभं राहून बघावं, एवढा हेतू आहे. तो सफल होईलच असं नाही.

त्या मुलाला कॅप्चर करू दिलं. काकांनी स्वतःच्या नावाला नकार दिला. “नाव कशाला, लोक फोन करत बसतील,” म्हणाले. मग त्या फाइलचं नाव आम्ही ‘बुधवार पेठ’ ठेवलं, आणि खाली दोन ओळींत लिहिलं की या अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर पुण्यातल्या एका रेडिओ-कारागिराने हाताने गुंडाळलेला आहे. कुठल्यातरी देशातला कुणीतरी ती फाइल उतरवून घेईल आणि नाव न वाचताच वाजवेल. त्याने काही बिघडत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा कुणी पिकवला हे मैफलीत कुठे कुणी विचारतं? पण जिथे सांगता येतं तिथे सांगणं हे आपल्याकडे असतं, आणि ऋण मान्य करण्याचा तेवढाच एक मार्ग नक्कल करणाऱ्याच्या हाती असतो.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. कॅप्चर म्हणजे अ‍ॅम्पच्या एका स्थितीचा फोटो. त्या दिवशी बटणं जिथे होती तिथलाच आवाज त्यात आहे. बटण पुढे-मागे फिरवलं असतं तर अ‍ॅम्प कसा वागला असता, हे त्याला माहीत नाही. व्होल्टेज पडल्यावर काय झालं असतं, व्हॉल्व्ह म्हातारा झाल्यावर काय, हेही नाही. माझ्यापाशी अ‍ॅम्प आहे, त्यामुळे त्या फोटोबाहेर काय आहे हे मला ठाऊक आहे. जी मुलं थेट मॉडेलरवरच शिकतायत त्यांच्याजवळ शेकडो फोटो आहेत, आणि त्यांनी मूळ वस्तू पाहिलेली नाही. त्यांचं काही अडणार नाही, हे मला दिसतं. टीबी-३०३ पिळणाऱ्या पोरांचं कुठे अडलं होतं. अ‍ॅम्प उचलायला लावून त्यांना काही शिकवावं असंही मला वाटत नाही. पण ज्या आवाजात ती वाजवतील त्यात कुणाच्या पाठीचे, कुणाच्या बोटांचे आणि कुणाच्या सोशिकपणाचे वेढे आहेत, हे त्यांना कुठून कळावं? ते सांगण्याचं काम सध्या आमच्यासारख्या, दोन्ही वाजवलेल्या लोकांवर येऊन पडलं आहे. काकांकडे पुढच्या महिन्यात जायचं आहे. अ‍ॅम्प व्यवस्थित चालू आहे.